ट्रॅकची गाडी आणि सतराचा पाना

रविवारी सकाळी सातला, रस्ते रिकामे असताना, आमच्या गाडीत मागे बाबा बसले होते. मागे म्हणजे मागच्या सीटवर नाही, सीट मी काढून टाकलीये, तिथे घरातला पाट ठेवलेला आणि त्याच्यावर बाबा मांडी घालून, एका हाताने वरचं हँडल धरलेलं, दुसऱ्या हातात लांब स्क्रूड्रायव्हर, त्याचं टोक पत्र्याला आणि मूठ कानाला. "हं, घे उजवीकडे." मी घेतली. टण्ण. "परत घे."

झालं असं की गेल्या वर्षी मी कोईमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवसाला, गेलो होतो. पुण्याहून जवळपास 1200 किलोमीटर. ट्रॅकची लांबी 2.1 किलोमीटर. आई म्हणाली, "म्हणजे दोन किलोमीटर गोल फिरायला तू बाराशे किलोमीटर गेलास?" याला उत्तर नाहीये, मी शोधून पाहिलंय.

गाडी तेव्हा एकदम स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी, जिच्यातून मंडईतली भाजी येते तीच. पहिला लॅप मस्त, दुसरा त्याहून मस्त, तिसऱ्याला सरळ पट्टा संपताना ब्रेक दाबला तर पेडल असं खाली गेलं की पाय श्रीखंडात घातलाय. पंप करून करून कशीबशी वळवली, बाहेर आलो, आणि उतरल्यावर पाच मिनिटं कुणाशी बोललो नाही. कारण साधं होतं, ब्रेक ऑइल उकळलं. हे ऑइल हवेतलं पाणी पीत राहतं. नवंकोरं डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) निदान 230 डिग्रीपर्यंत तग धरतं, पाणी प्यायलेलं 155 च्या आसपासच उकळू शकतं, मग आत वाफ होते, आणि मग आपण दाबतो ती वाफ, ब्रेक नाही. आमचं ऑइल शेवटचं कधी बदललं ते बघायला सर्व्हिस बुक काढलं, तर ते पान कोरं.

आता ऑइल बदलून गप्प बसलो असतो तर हजाराच्या आत विषय मिटला असता. पण रात्री अकरानंतर मॉडिफिकेशनचे व्हिडिओ बघणाऱ्या माणसाचे विषय असे मिटत नसतात. ब्रेकचे पॅड बदलले. ट्रॅकचे पॅड तापल्यावर जबरदस्त धरतात, पण सकाळी दूध आणायला जाताना ते तापतात कुठे, तेव्हा नुसते किंचाळतात, मी कधी आलो कधी गेलो ते सगळ्या सोसायटीला कळतं. मग स्प्रिंग बदलून गाडी 30 मिलिमीटर खाली आणली, त्यामुळे आता प्रत्येक स्पीडब्रेकर तिरका घ्यावा लागतो आणि शेजारी बसलेली आई दर वेळी "विठ्ठला" म्हणते. मग वजन कमी करायला मागची सीट काढून गॅलरीत ठेवली. (गाडीतल्या फेरबदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मी वाचलंय. सीट परत लावणारच आहे. पुढच्या रविवारी.)

आणि मग तो आवाज सुरू झाला.

खरं तर दोन आवाज होते. गाडी खाली केली की सस्पेन्शनमधल्या लिंक रॉडचा कोन बिघडतो, ते खडखडत होते, ते बदलले, खडखड गेली. टण्ण राहिलं. स्ट्रट माउंट, म्हणजे शॉकअब्सॉर्बर वर जिथे बसतो ते, बदलले, टण्ण. चाकांची अलाइनमेंट दोनदा केली, टण्ण, फक्त आता सरळ चालत टण्ण. मेकॅनिक म्हणाला स्टेअरिंग रॅक असेल, आणि किंमत ऐकून त्या रात्री मी जेवलो नाही.

बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेत. त्यांचं मत एकच, धडधाकट गाडीला आजारी पाडायचं आणि मग औषधाला पैसे घालायचे. त्यातून तीन महिन्यांपूर्वी त्यांचा सतराचा पाना हरवलेला, नोकरीला लागल्या वर्षी घेतलेला, आणि संशय होता प्लंबरवर. त्याला आमच्याकडे तेव्हापासून चहा बंद.

तर चौथ्या उजव्या वळणानंतर बाबांनी स्क्रूड्रायव्हर कानावरून काढला. "हा रबराचा आवाज नाही. मोकळं लोखंड आहे. पुढे, काचेखाली." गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, वायपरखालची जाळी उचलली आणि आत हात घातला. ज्या दिवशी स्प्रिंग बदलताना मेकॅनिकला मी घरून हत्यारं नेऊन देत होतो तो दिवस मला तेव्हाच आठवला, पाना हाताला लागायच्या आधी.

बाबांनी तो माझ्या नव्या टीशर्टला पुसला, खिशात ठेवला आणि घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दुपारी, नळ कुठलाच गळत नसताना, प्लंबरला फोन करून चहाला बोलावलं.

मी परत करीला जाऊन आलो. वीस मिनिटं ब्रेक तसाच्या तसा, लॅप चार सेकंदांनी सुधारला, हे घरात सांगितलं, कुणी विचारलं नाही.

आता गणपती आठ दिवसांवर आलेत, मूर्ती आणायची म्हणून आईने सीट लावायचा हुकूम काढला. मी गॅलरीत गेलो तर सीटवर बाबा, पेपर, चहाचा कप, पाठीला लोड.

"बाबा, सीट लावायचीये."

"राहू दे, कंबरेला बरी पडते."

"अहो, पण गणपती आणायचाय."

बाबांनी पेपर खाली न करता सांगितलं, "मग गणपती काय सीटवर बसून येणारे का? पाट आहे ना गाडीत."