न उसळणाऱ्यांचं काय?

नुकत्याच वाचलेल्या एका लेखात म्हटलंय की माणसाचं स्वातंत्र्य आवळलं की तो उसळतो, मुद्दाम उलट वागतो. पटलं. मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेहम यांनी १९६६ मध्ये याला 'रिॲक्टन्स' म्हटलं: पर्याय काढून घेतला की नेमका तोच हवासा वाटतो. पण मला जास्त काळजी वाटते ती न उसळणाऱ्यांची.

आमच्या ऑफिसात पाहिलंय. प्रत्येक मेल साहेबांना दाखवूनच पाठवायचा, आणि ते त्यातला स्वल्पविरामसुद्धा बदलणार. आधी हुज्जत घालणारी एक हुशार मुलगी हळूहळू नुसतं "सर, तुम्ही म्हणाल तसं" म्हणायला लागली. समोर चूक दिसली तरी बोलेना. साहेब खूश, म्हणे आता सुधारली! तिने कामातून मन काढून घेतलं होतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. बंडखोराशी निदान बोलता तरी येतं.

नियम नकोतच असंही नाही. १९८४ मधल्या एका प्रयोगात लहान मुलांना रंग न सांडता चित्र काढायला सांगितलं. काहींना नुसतं बजावलं. काहींना कारण सांगितलं, आणि रंग फासायला मजा येते हे मान्यही केलं. बंधन तेच, पण या दुसऱ्या मुलांची चित्र काढायची गोडी टिकली.

लेखकांनी घरातल्या वृद्धांवरही जरूर लिहावं. त्यांचे निर्णय तर आपण प्रेमापोटीच काढून घेतो, त्यामुळे त्यांना तक्रारही करता येत नाही.