फॅन डायरेक्ट करणं ही दुरुस्ती नव्हे

उन्हाळा लागला की गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच असतं. रेडिएटरचा फॅन लागत नसेल तर मोटर गेली असं समजा. गाडी गरम होत असेल तर थर्मोस्टॅट काढून टाका. फ्यूज उडत असेल तर जास्त अँपिअरचा घाला. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे रिले-सेन्सरच्या भानगडीत न पडता फॅन ‘डायरेक्ट’ करून घ्या, म्हणजे त्याची मोटर थेट सप्लायला जोडून घ्या. चावी फिरवली की फॅन सुरू, इंजिन कायम थंड. खाली एक पुस्तीही असते: गाडी बंद केल्यावर फॅन फिरत राहिला तर वायरिंग शॉर्ट आहे, लगेच बॅटरीची वायर काढा.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण यातला एकेक सल्ला गाडीचं नुकसान करणारा आहे. फ्यूजचा आणि डायरेक्टचा सल्ला एकत्र आला तर बॉनेटखाली आग लागू शकते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी फॅन लागतो कसा, ते थोडक्यात. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत कूलंटच्या वाटेवर एक थर्मोस्विच असायचा. कूलंट साधारण ९० ते १०० अंशांच्या दरम्यान गेलं की तो जोडला जायचा आणि फॅन सुरू व्हायचा. आताच्या गाड्यांत तिथे कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर असतो. कूलंट तापतं तसा त्याचा रोध कमी होतो: बहुतेक गाड्यांत २० अंशांना दोन-तीन हजार ओहम, तर ८०-९० अंशांना दोन-तीनशे ओहम. ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, तो वाचतो आणि ठरलेल्या तापमानाला फॅनच्या रिलेची कॉइल ओढतो. रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. कॉइलला पाव अँपिअरही लागत नाही. रिलेच्या जाड कॉन्टॅक्टमधून मात्र मोटरला १० ते २० अँपिअर जातात, आणि मोटर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. या वाटेवर फ्यूज, रिले, कनेक्टर, मोटर, अर्थ (मोटरची निगेटिव्ह बाजू गाडीच्या बॉडीला जोडणारी जोडणी) आणि सेन्सर असे सहा थांबे आहेत. फॅन न लागण्याचं कारण यांपैकी कुठेही असू शकतं.

आता पहिला दावा, मोटर गेल्याचा. मोटर जात नाही असं मी म्हणणार नाही. कार्बन ब्रश झिजतात, बेअरिंग जड होतं, कम्युटेटरवर एखादी जागा मरते आणि मग मोटर टिचकी मारली तरच फिरते. पण मोटर हा सहा थांब्यांतला सगळ्यात महाग भाग आहे आणि तपासायला सगळ्यात सोपा. तो न तपासता बदलायला काहीच कारण नाही.

सुरुवात हत्यारांनी नाही, एका प्रश्नाने करावी: गाडी गरम कधी होते? सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये, घाटात ट्रकच्या मागे रांगताना काटा चढतो आणि रस्ता मोकळा मिळाला की उतरतो, तर संशय फॅनवर. मोकळ्या रस्त्यावर ८०च्या वेगात गरम होत असेल तर फॅनला दोष देण्यात अर्थ नाही. त्या वेगाला समोरची हवाच रेडिएटर थंड करते, फॅनची गरज फारशी पडत नाही. तिथे तुंबलेला रेडिएटर, वॉटर पंप किंवा न उघडणारा थर्मोस्टॅट पाहायचा.

दुसरी पायरी म्हणजे कूलंटची पातळी, आणि ती इंजिन पूर्ण थंड असतानाच पाहायची. हे इलेक्ट्रिकच्या कामात कशाला, असं वाटेल. पण कूलंट कमी झालं की सेन्सरचं टोक हवेच्या किंवा वाफेच्या पोकळीत येतं, त्याला खरं तापमान कळत नाही आणि इंजिन उकळत असतानाही फॅनला हुकूम मिळत नाही. सगळं वायरिंग चोख, आणि फॅन बंद. अशा गाडीत मोटर बदलली तर पैसे गेलेच, वर गळती तशीच राहिली.

तिसरी पायरी: इंजिन सुरू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन सुरू होतो. झाला तर मोटर, तिचा फ्यूज आणि तिचा अर्थ ठीक आहेत, सेन्सरकडे वळा. दोन फॅनच्या गाडीत मात्र नेमका कोणता फॅन फिरला ते वाकून पाहा, कारण एसीच्या कंडेन्सरचा फॅन फिरतो आणि रेडिएटरचा बंदच राहतो, असंही होतं. सेन्सरचा कनेक्टर काढून ठेवला तर बऱ्याच गाड्यांचा ईसीएम धोका नको म्हणून स्वतःहून फॅन लावतो. तसं झालं तर मोटरपर्यंतची वाट शाबूत आहे. सगळ्याच गाड्या असं करत नाहीत, त्यामुळे फॅन लागला नाही म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. ईसीएममधले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर असेल तर काम सोपं: पी०४८० हा कोड फॅनच्या कंट्रोल सर्किटकडे बोट दाखवतो, पी०११७ आणि पी०११८ सेन्सरच्या सर्किटकडे.

एसी लावूनही काही हललं नाही तर फ्यूज आणि रिले. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे छापलेले असतात. ८५-८६ कॉइल, ३०-८७ मुख्य कॉन्टॅक्ट. शेजारी त्याच नंबरचा दुसरा रिले असेल, हॉर्नचा वगैरे, तर दोघांची अदलाबदल करून पाहा. नुसता ‘टक्’ आवाज ऐकून रिले पास करू नका. कॉइल ओढली गेली तरी आतला कॉन्टॅक्ट जळलेला असू शकतो.

मग मोटरचा कनेक्टर. इथे बरेच जण मल्टिमीटर लावतात, १२ व्होल्ट दिसतात आणि “सप्लाय आहे, मोटर गेली” असा निकाल देतात. वायरच्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळपास ओढतच नाही. त्यापेक्षा इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरला लावून कनेक्टरच्या दोन्ही पिनांत धरा. लखलखीत पेटला आणि तरी मोटर फिरत नाही, तर मोटर संशयित. मंद पेटला किंवा पेटलाच नाही, तर दोष मोटरमध्ये नाही, तिच्यापर्यंतच्या वायरिंगमध्ये किंवा अर्थमध्ये. आता पॉझिटिव्ह पिन आणि बॉडीच्या चांगल्या अर्थमध्ये बल्ब धरा. तिथे नीट पेटला तर मोटरचा अर्थ गेलेला आहे. फॅन फिरतो पण हळू, अशी तक्रार असेल तर फॅन चालू ठेवून मोटरची निगेटिव्ह पिन आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब.

हा अर्थाचा दोष आपल्याकडे फार आढळतो, आणि त्याला हवामान कारण आहे. कोकणपट्टीच्या खाऱ्या दमट हवेत अर्थचा बोल्ट गंजतो, कनेक्टरच्या पिनांवर हिरवी बुरशीसारखी पूड धरते. फॅन गाडीच्या तोंडाशी आणि बराच खाली बसवलेला असतो, त्यामुळे पाणी साचलं की सगळ्यात आधी तोच भिजतो. २०२१च्या जुलैत चिपळूण पुराखाली गेलं होतं. असं पाणी बघितलेल्या गाडीत दोष लगेच दिसेलच असं नाही. आत राहिलेला ओलावा महिनोन्‌महिने तांबं खात राहतो. पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि एक नवा बोल्ट एवढ्यात जे काम होतं, त्यासाठी लोक नवी मोटर घेतात. याचं मला फार वाईट वाटतं.

थर्मोस्टॅट काढण्याचा दावा लवकर निकालात निघतो. थर्मोस्टॅट हा कूलंटच्या वाटेवरचा, आतलं मेण तापून फुगलं की उघडणारा वॉल्व्ह आहे; तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. फॅनच्या विजेशी त्याचा काही संबंध नाही. तो काढला की इंजिन तापायला उशीर लागतो, ईसीएम जास्त पेट्रोल सोडत राहतो, ऑइलमध्ये ओलावा साचतो आणि ट्रॅफिकमध्ये बंद फॅनमुळे गाडी गरम व्हायची ती होतेच. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल तर नवा बसवावा. रिकामी जागा हा त्याला पर्याय नाही.

मोठ्या फ्यूजचा दावा मात्र गंभीर आहे. फ्यूज मोटरला वाचवण्यासाठी नसतो, वायरला वाचवण्यासाठी असतो. ३० अँपिअरचा फ्यूज उडतोय म्हणून ५०चा घातला, किंवा तांब्याची तार गुंडाळली, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल, आणि ती वायर पेट्रोलच्या पाइपाजवळून जात असू शकते. फ्यूज का उडतो हे शोधायला एक साधी चाचणी पुरते. मोटरचा कनेक्टर काढा, त्याच क्षमतेचा नवा फ्यूज बसवा आणि फॅनचं सर्किट चालू करा. तरीही उडाला तर वायर कुठेतरी पत्र्याला घासून शॉर्ट झाली आहे. टिकला तर मोटर जाम किंवा आतून शॉर्ट. मग इंजिन थंड आणि बॅटरीची निगेटिव्ह काढलेली असताना फॅन हाताने फिरवून पाहा. सहज फिरला पाहिजे.

आता मुख्य गोष्ट, फॅन डायरेक्ट करण्याची.

या सल्ल्याच्या बाजूने एक खरी गोष्ट आहे, ती आधी मान्य करतो. कसारा घाटात संध्याकाळी गाडी उकळली आणि मदत जवळ नाही, अशा वेळी जाड वायरने, मध्ये ३० अँपिअरचा फ्यूज घालून मोटरला थेट बॅटरी देणं आणि गॅरेजपर्यंत पोचणं योग्यच आहे. अति तापून इंजिनचं हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) उडण्यापेक्षा ते केव्हाही बरं. माझी हरकत त्या जुगाडाला कायमची दुरुस्ती म्हणण्याला आहे.

पहिलं कारण म्हणजे दोष तसाच राहतो. सेन्सर खराब असेल तर तो फक्त फॅन चुकवत नाही. इंधन किती सोडायचं, थंड इंजिन कसं सुरू करायचं, हेही ईसीएम त्याच आकड्यावरून ठरवतो. सेन्सर इंजिन थंड असल्याचं सांगत राहिला तर पेट्रोल जास्त जळतं, प्लग काळे पडतात, मायलेज उतरतं. फॅन फिरताना दिसतो म्हणून मालक निश्चिंत, आणि पैसे पंपावर जात राहतात. वर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवरचा काटाही याच सेन्सरवर चालतो, म्हणजे पुढे कूलंट खरोखर गळालं तरी इशारा वेळेवर मिळेलच याची खात्री नाही.

दुसरं, जोडणी. कारखान्यातून आलेली वायर, रिले आणि फ्यूज एकमेकांना मापून बसवलेले असतात. डायरेक्ट करताना बहुतेक वेळा घेतली जाते ती हॉर्नला किंवा फॉग लॅम्पला वापरायची बारीक वायर, आणि स्विच असतो पाच-दहा अँपिअरचा. २० अँपिअरला निदान अडीच चौरस मिलिमीटरची वायर हवी, चारची असेल तर उत्तम. बारीक वायर तापते, स्विच वितळतो. इग्निशनच्या वायरमधून सप्लाय घेतला तर चावीचा स्विच जळतो. बॅटरीवरून थेट घेतला आणि स्विच बंद करायला विसरलात तर सकाळी बॅटरी उतरलेली.

तिसरं, हवेची दिशा. कनेक्टर कापून जोडताना पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटलं तर साधी ब्रशची मोटर उलटी फिरते. रेडिएटरमागचा फॅन हवा आत ओढायच्या ऐवजी समोर ढकलतो, आणि धावत्या गाडीच्या हवेशीच भांडतो. शंका असेल तर फॅन चालू असताना रेडिएटरच्या पुढच्या जाळीला एक कागद लावा. कागद चिकटून राहिला पाहिजे.

चौथं, पावसाळा. मुंबईत हिंदमाताला गुडघाभर पाणी साचतं तेव्हा कायम फिरणारा फॅन पूर्ण वेगात त्या पाण्यात शिरतो. पाती वाकून रेडिएटरला घासू शकतात, मोटर अडकली की करंट एकदम वाढतो, आणि मध्ये नीट फ्यूज नसेल तर पुढचं सांगायला नको. मूळ जोडणीत निदान एसी बंद करून फॅनची शक्यता कमी करता येते. पाण्यात गाडी घालणं टळत नसेल तर आधी एसी बंद करा.

आणि नव्या गाड्यांत तर हा प्रयोग करूच नये. तिथे फॅनला दोन जाड वायरींबरोबर एखादी बारीक सिग्नलची वायर असते, वेग त्या सिग्नलने कमी-जास्त होतो आणि फॅनच्या मागेच इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. सिग्नलच्या वायरीला थेट १२ व्होल्ट दिले तर मॉड्यूल जाऊ शकतं, आणि ते बऱ्याचदा सुटं मिळत नाही.

फॅन सतत फिरला की इंजिनचं आयुष्य वाढतं, हाही समज चुकीचा आहे. इंजिनला ठरावीक तापमान लागतं, आणि ते राखायला थर्मोस्टॅट आहे. सततच्या फॅनने वाढते ती ब्रशची झीज आणि अल्टरनेटरवरचा भार.

शेवटची पुस्ती. इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं फॅन फिरणं अनेक गाड्यांत मुद्दाम ठेवलेलं असतं. बॅटरीची वायर काढायची गरज नाही. हात मात्र लांब ठेवा. इंजिन पूर्ण गार होऊनही फॅन थांबत नसेल तर रिले उपसा. थांबला तर नवा रिले लावून पाहा. बऱ्याचदा जुन्याचे कॉन्टॅक्ट चिकटलेले असतात.

ज्यांची गाडी आधीच डायरेक्ट करून झाली आहे, त्यांनी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाऊन नेमकं हे मागावं: कापलेला मूळ कनेक्टर परत जोडून द्या, त्याच नंबरचा रिले आणि त्याच क्षमतेचा फ्यूज बसवा, मग दोष शोधा. काम झाल्यावर गाडी लगेच ताब्यात घेऊ नका. एसी बंद ठेवून इंजिन जागेवर चालू द्या. काटा नेहमीच्या जागेवर आला की थोड्या वेळाने फॅन आपोआप लागला पाहिजे आणि आपोआप थांबला पाहिजे. असं निदान दोनदा झालेलं पाहूनच पैसे द्या.