महाड एमआयडीसीने वसवलं म्हणे!

‘महाड म्हणजे रायगडाच्या पायथ्याचं खेडं. हायवे आला, एमआयडीसी आली म्हणून त्याचं शहर झालं. तेही चुकीच्या जागी, म्हणून बुडतं.’ पावसाळा लागला की हा मजकूर फॉरवर्ड व्हायला लागतो. तीन वाक्यं, आणि तिन्ही कच्ची.

आधी पायथा. रायगडाच्या पायथ्याला पाचाड आहे. महाड तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर, सावित्री आणि गांधारीच्या संगमाशी. गडामुळे गाव वसलं म्हणावं, तर शेजारची गांधारपाल्याची बौद्ध लेणी शिवकाळाच्या हजाराहून जास्त वर्षं आधीची आहेत. तिथल्या शिलालेखात कानभोअ विष्णुपालित या राजकुमाराचं दान नोंदलेलं आहे. दान देणारे कोणी नसते, तर डोंगर कोरायला कोण येणार होतं?

महाड वाढलं ते बंदर म्हणून. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते, आणि खाडीची भरती पार महाडच्या आसपासपर्यंत चढते. भरतीबरोबर गलबतं वर यायची. पुढे वरंध घाटाने भोरकडे जाणाऱ्या मालाला बैल लागायचे. माल होडीतून उतरवून बैलावर लादायचा तर मधे वखारी, अडते, हमाल, मुक्कामाच्या जागा हव्यातच. बाजारपेठ अशीच उभी राहते. 1802 मध्ये होळकरांपुढे पुणं सोडून पळालेला दुसरा बाजीराव महाडलाच आला होता. पुढे तो समुद्रमार्गे वसईला गेला. निसटायचं तर घाट आणि खाडी दोन्ही हाताशी हवीत, एवढी अक्कल त्याला नक्की होती.

आता ‘खेडं’. इथली नगरपालिका 1860 च्या दशकातली. तिचं सगळंच कौतुक करण्यासारखं नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायला सांगणाऱ्या मुंबई विधिमंडळाच्या बोले ठरावानंतर 5 जानेवारी 1924 ला तिने चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांनी हजारो लोकांसह तळ्याचं पाणी घेतलं, तेव्हा कुठे ठराव प्रत्यक्षात आला. आणि त्याच पालिकेने ऑगस्टमध्ये तो रद्द केला! तळ्याचा दावा हायकोर्टापर्यंत गेला आणि 1937 मध्ये निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. सार्वजनिक पाणी कुणाचं, यावर पालिकेत आणि कोर्टात असं भांडलेलं गाव फॉरवर्ड करणाऱ्यांना खेडं वाटतं.

एमआयडीसी बिरवाडीच्या बाजूला, शहरापासून काही किलोमीटरवर आहे. तिने रोजगार दिला, हे खरं. पण ती आली तेव्हा पेठ जुनी झाली होती. कोकण रेल्वे तर शहरात आलीच नाही, स्टेशन वीरला. 2011 च्या जनगणनेत नगरपालिका हद्दीची लोकसंख्या सत्तावीस हजारांच्या आसपासच होती. कारखान्यांनी शहर वसवलं असतं, तर हा आकडा एवढासा का राहिला असता?

राहिला पूर. भरती महाडपर्यंत येते म्हणून बंदर झालं. त्याच भरतीच्या वेळी महाबळेश्वरला कोसळलेला पाऊस खाली आला, की पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि ते पेठेत शिरतं. 22 जुलै 2021 ला शहराने ते भोगलं. जागा चुकीची म्हणणाऱ्यांनी नदीपात्रातला गाळ आणि बेटं पाहावीत, दासगावजवळचा रेल्वेचा भराव पुराचं पाणी अडवतो, असं महाडकर म्हणतात ते ऐकावं. एवढा धोका असताना पेठ नदीपासून हलली नाही, कारण धंदा नदीवर होता. आता माल ट्रकने येतो, पण पेठ आहे तिथेच आहे, आणि नदीही.