प्रतिक्रियेला उत्तर : दोर कुणाच्या सॅकमध्ये?

'सह्यमित्र' यांस,

माउंट बेकरवरच्या लेखाखाली तुम्ही परवा रात्री टाकलेली प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. उत्तर तिथेच खाली द्यायला बसलो होतो, पण ते लांबत गेलं, म्हणून वेगळं टाकतोय. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच : अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला हिमनद्यांनी झाकलेला ज्वालामुखी, मे महिन्याचा मध्य, मी आणि एक मित्र. पहाटे साडेतीनला श्रायबर्स मेडोहून निघून ईस्टन हिमनदीवरून स्कीवर माथा, आणि त्याच दिवशी स्कीवरून खाली.

तुमचे आक्षेप चार. माथ्याची उंची चुकली. उतरायला उशीर केला. क्रेटरमधल्या (ज्वालामुखीच्या मुखातल्या) वायूंबद्दल अवाक्षर नाही. आणि चौथा तुमच्याच शब्दांत (क्रेव्हास म्हणजे हिमनदीतली खोल भेग) : "दोर ज्याच्या सॅकमध्ये तोच क्रेव्हासमध्ये गेला तर काय, एवढा साधा प्रश्नही लेखकमहाशयांना पडू नये? उत्तरकाशीला बेसिक कोर्समध्ये हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. डॉलरवाल्यांचे चोचले, दुसरं काय!"

उंचीचं आधी मिटवतो. १०,७८१ फूट, म्हणजे ३,२८६ मीटर. मी १०,७१८ लिहिलं होतं. आकड्यांची अदलाबदल झाली, चूक माझी, निस्तरली आहे. आभार. मला कुणी चूक दाखवली की राग येतो असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आता 'लेखकमहाशय'. माझं नाव या ब्लॉगच्या माथ्यावर आहे, तुमचं कुठेच नाही. टोपणनावाआडून समोरच्याला महाशय म्हणायचं ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे, पण म्हणून ती सभ्य ठरत नाही. आणि उत्तरकाशीचंच म्हणाल तर बेसिक मीही तिथल्या गिर्यारोहण संस्थेतच केलं, ॲडव्हान्सही. डोक्रानी बामक हिमनदीवर दोरात बांधून चाललो आहे आणि गेली अकरा वर्षं दर वसंतात इथल्या ज्वालामुखींवर जातो आहे. हे सांगायची वेळ यावी याचंच वाईट वाटतं. कोर्समध्ये आपण पायी होतो, साहेब, आणि एका दोराला चार-पाच जण होतो. इथे स्की आहे आणि माणसं दोन. नियम तोच लावायचा की बर्फ बघायचा, एवढाच आपल्यातला वाद आहे.

चोचल्यांबद्दल काही बोलत नाही. माझी स्की सेकंडहँड आहे, बूट त्याहून जुने.

प्रश्न 'साधा' आहे असं तुम्ही म्हणता. तो साधा नाही, आणि तसा तो वाटतो यातच सगळी गोम आहे. आधी दोर सॅकमध्ये का होता ते सांगतो.

पहिली गोष्ट वजनाची. ८० किलोचा माणूस बुटावर उभा राहिला तर तळव्याखाली साधारण ३०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २६५ ग्रॅमच्या आसपास भार. तोच माणूस १७० सेंटिमीटर लांब आणि साडेनऊ सेंटिमीटर रुंद अशा एकाच स्कीवर उभा केला तर १,६०० चौरस सेंटिमीटर मिळतात आणि भार येतो ५० ग्रॅम. पाचपट फरक. म्हणून क्रेव्हासवरचा जो हिमपूल पायी चालणाऱ्याखाली बसतो, तो स्कीवाल्याला बरेचदा पेलतो. बरेचदा, नेहमी नव्हे. याचा व्यवहारातला अर्थ असा की हिमनदीवर स्की काढायची नाही. फोटोला नाही, लघवीला नाही, स्किन (चढताना स्कीखाली चिकटवायची पट्टी) काढायला तर मुळीच नाही. एक स्की पायात ठेवून दुसरीची स्किन ओढायची सवय घरच्या गालिच्यावरच करावी.

दुसरी गोष्ट महिन्याची. मेमध्ये हिवाळ्याचा जवळजवळ सगळा साठा हिमनदीवर दबून बसलेला असतो. बेकरला हिम किती पडतं याची कल्पना नसेल तर सांगतो : १९९८-९९ च्या मोसमात त्याच्या ईशान्येच्या स्की-क्षेत्रात १,१४० इंच, म्हणजे जवळपास २९ मीटर हिमवर्षाव मोजला गेला. एवढं दरवर्षी पडत नाही, आणि पडलेलं दबत दबत त्याच्या काही अंशावर येतं, पण पूल जाड असतात. त्यात रात्र निरभ्र गेली तर वरचा थर लोखंडासारखा गोठतो. जून संपता संपता तोच पूल खालून वितळून पातळ होतो, आणि तेव्हा मीसुद्धा दोर बांधतो.

तिसरी गोष्ट मात्र नीट वाचा, कारण तुमच्या वाक्याचं उत्तर इथून सुरू होतं. दोघांनी ३० मीटरचा दोर बांधला तर मध्ये साधारण १५ मीटर ठेवावे लागतात. दोघंच असल्यामुळे पडणाऱ्याला थांबवायला मागे एकच माणूस, म्हणून अंतर जास्त. शिवाय मधल्या भागात दोन-तीन मीटरवर एकेक बटरफ्लाय गाठ (जाड, फासाची गाठ) मारायची, म्हणजे दोर क्रेव्हासच्या ओठात, म्हणजे काठाच्या बर्फात, रुतून थांबतो. उत्तम. माणूस थांबला. आता त्याला वर कसा काढणार? ज्या गाठींनी त्याला थांबवला त्याच ओठात रुतलेल्या आहेत आणि त्या पुलीतून जात नाहीत; ताणलेला दोर ओढणं जवळजवळ अशक्य. म्हणून राखीव दोराचा फास खाली सोडावा लागतो, आणि त्याला अंतराच्या दुप्पट दोर लागतो. तुमच्याकडे राखीव किती? ३० वजा १५, भागिले दोन, म्हणजे साडेसात मीटर. बाकीचे साडेसात खाली लटकलेल्याच्या वेटोळ्यात. साडेसात मीटरमध्ये तुम्ही त्याला हाक मारू शकता, बाकी काही नाही.

तोच ३० मीटर दोर सॅकमध्ये मोकळा असेल तर अँकर (बर्फात गाडलेला आधार) ओठापासून पाच मीटर मागे, माणूस आठ मीटर खाली, मिळून १३, दुप्पट २६. पुरतो. अर्थात बांधलेलं नसल्यामुळे तो आठ मीटरवर थांबेलच याची हमी कुणी देत नाही. म्हणजे बांधलेला छोटा दोर पडणं थांबवतो पण वर काढत नाही, आणि सॅकमधला दोर वर काढतो पण पडणं थांबवत नाही. गोठलेल्या जाड बर्फावर स्कीनिशी पडण्याचा संभव कमी, म्हणून मी दुसरा पर्याय घेतला. याला तुम्ही चुकीचा निर्णय म्हणा, चालेल. विचारच केला नाही असं म्हणू नका.

उतरताना तर दोर बांधून स्की करणं हे शिकवण्याच्या पडद्यावर छान दिसतं. दोघांचा वेग कधीच जुळत नाही, दोर स्कीखाली जातो, एक वळला की दुसऱ्याला झटका. दाट धुक्यात, चढाच्या खुणेवरून सरळ घसरत खाली यायचं असेल तरच ते करावं. एरवी मोकळं उतरायचं, चढताना तपासलेल्या खुणेच्या आसपास राहायचं, पूल आडवा कापायचा, त्यावर थांबायचं नाही, आणि दोघांनी एकमेकांच्या शेजारी तर कधीच थांबायचं नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात बर्फावर करडा, किंचित खोलगट पट्टा दिसतो, तोच पूल. ऊन डोक्यावर आलं की तो पट्टा दिसेनासा होतो, आणि ढगाळ सपाट उजेडात तर दिसतच नाही. जिथे हिमनदी खालच्या उंचवट्यावरून वाकते तिथे भेगा जास्त. त्या फुगीर उताराच्या खाली काय आहे ते दिसेपर्यंत वेग घेऊ नये.

आता तुमचा प्रश्न. दोर ज्याच्या सॅकमध्ये तोच गेला तर?

म्हणूनच दोर मागच्याच्या सॅकमध्ये. चढताना पुढे माग काढणारा आधी पडतो, उतरतानाही पुढचाच. मागचा दोर घेऊन वर राहतो. त्याने कडेला धावत जायचं नसतं. स्की पायात ठेवून, प्रोबने (लांब सळीने) टोचत, पक्क्या बर्फावर यायचं. मग एक स्की ओढीच्या दिशेला आडवी गाडायची, अर्धा मीटर खोल चर खणून. वसंतातल्या मऊ बर्फात याहून उथळ गाडलेली निसटते. आइस स्क्रू इथे निरुपयोगी, कारण खाली टणक आइस नाही, दबलेलं हिम आहे. स्लिंग (पट्टीचा फास) स्कीच्या मध्यावर घालताना धातूच्या कडेवर हातमोजा किंवा स्किन गुंडाळायची, नाहीतर कड स्लिंग कापते. स्वतःला अँकरला बांधून मग ओठापर्यंत जायचं आणि दोराखाली काठी किंवा आइस ॲक्सचा दांडा सरकवायचा, म्हणजे दोर पुन्हा बर्फात घुसत नाही. खालच्याला शुद्ध असेल तर फासातल्या पुलीची कॅराबिनर (कडी) तो हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, अडकवतो आणि स्वतःही ओढतो. या फासाच्या २:१ ने, म्हणजे निम्म्या जोराच्या ओढीने, एकट्याला ८०-९० किलो ओढवत नाहीत, घर्षण अर्धा फायदा खातं, तेव्हा कॉर्डलेटने (बारीक दोरीने) मागे ३:१ जोडून ६:१ करावं लागतं. सहा मिलिमीटरचा हायपरस्टॅटिक (जवळजवळ न ताणणारा) दोर असेल तर दोर पकडणाऱ्या साध्या प्रुसिक गाठी त्यावर घसरतात, दातेरी पकड लागते. हार्नेस हिमनदीला पाय लावण्याआधी अंगावर हवा, सॅकमध्ये नव्हे, आणि त्याच्या लूपमधून एक स्लिंग खांद्याच्या पट्ट्याला आणून ठेवावी, म्हणजे अडकलेल्याला कमरेपर्यंत हात न्यावा लागत नाही.

"पण पुढे जाणारा बदलतो की!" हे तुम्ही म्हटलं नाहीत, मीच तुमच्या वतीने म्हणतो. बदलतो. माग काढून पुढचा दमतो, मागचा पुढे येतो, आणि तेव्हा दोरही बदलायला हवा. थंडीत, वाऱ्यात, दोन सॅक उघडून. लोक तो बदलत नाहीत, आणि पद्धत बिघडते ती नेमकी इथे. लेखातल्या चौथ्या फोटोत केशरी दोर पुढच्याच्या सॅकवर दिसतो, हे तुम्ही कंसात आवर्जून लिहिलंत. तो फोटो आहे. फोटोसाठी माणसं पुढेमागे होतात. त्यावरून संपूर्ण दिवसाचा निकाल लावणाऱ्या माणसाशी मी काय बोलावं?

वेळेचं थोडक्यात. ईस्टन दक्षिणेकडे तोंड करून आहे, तिथे साडेअकरा म्हणजे कॉर्न (उन्हाने वरून मऊ झालेला दाणेदार बर्फ) पिकण्याची वेळ. रोमन वॉल, म्हणजे माथ्याखालचा तीव्र उतार, ३५ अंशांच्या आसपास. ती गोठलेली असताना उतरणं मऊ बर्फात उतरण्याहून धोक्याचं, कारण पडलात तर थांबत नाही. बूट घोट्यापर्यंत रुतायला लागला किंवा उतारावरून बर्फाचे चाकासारखे गोळे सुटायला लागले की उशीर झाला, त्याआधी नाही. आम्ही साडेबाराला मोरेनवर (हिमनदीच्या कडेच्या दगडमातीच्या बांधावर) होतो. रात्र ढगाळ गेली असती तर घड्याळ बघायचाही प्रश्न नव्हता, पहाटे गाडीतूनच परत. नॉर्थवेस्ट ॲव्हलांच सेंटरचं हिमस्खलनाचं रोजचं भाकीत एप्रिलमध्ये थांबतं. मेमध्ये हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, पुण्याहून कुणी ठरवून देत नाही.

वायू. माथ्याजवळच्या शर्मन क्रेटरमधून वाफ येते, १९७५ साली ती एकदम वाढली होती, गंधकाचा वास कडेवरही येतो. क्रेटरच्या आत उतरू नये. आम्ही उतरलो नाही. झालं?

चर्चा करायची असेल तर नाव लावून या, मी इथेच आहे. कोणतीही प्रतिक्रिया मी काढून टाकत नाही, तुमचीही काढलेली नाही.

ता. क. : मूळ लेखात दोन बदल केले आहेत. माथ्याची उंची वर सांगितलीच. सामानाच्या यादीत 'दोर, ३० मीटर : दोघांत एक' असं होतं, तिथे आता 'प्रत्येकी एक' असं वाचावं. सहा मिलिमीटरचा दोर मीटरला २२ ग्रॅम भरतो, म्हणजे दुसऱ्या दोराचं वजन ६६० ग्रॅम. हा बदल माझ्या मनात आधीपासूनच होता. चौथा फोटो जागा फार खात होता, म्हणून काढला आहे.