आमच्या ओट्याला ॲसिडनं खाल्लं

वेळ अमावस्या, म्हणजे आमच्या लातूरकडचा शेतात जाऊन साजरा करायचा सण, होऊन चार दिवस झाले. भज्जी, उंडे, खीर, ताकातली आंबट अंबील, सगळं कधीच जिरलं. पण आदल्या रात्री अंबिलीचा माठ ज्या जागी ठेवला होता, तिथं ओट्यावर एक पांढुरका गोल अजून तसाच आहे. रात्री अंबील उतू आली असावी आणि माठाच्या बुडाशी जमली असावी. सकाळी शेतात जायच्या गडबडीत कोण बघतंय!

गंमत अशी की ओलं फडकं फिरवलं की गोल गायब. वाटतं, निघाला एकदाचा. दहा मिनिटांनी ओटा वाळला की साहेब पुन्हा हजर. साबणानं घासलं, सोड्यानं घासलं. शेवटी लक्षात आलं की हा डाग नाहीच. डाग म्हणजे वरून काहीतरी बसलेलं. इथं उलट, दगडाचाच वरचा पापुद्रा गेलाय. पॉलिश उडालंय.

आमचा ओटा कडप्प्याचा. सासरे होते तेव्हा बसवलेला, वीस-बावीस वर्षं झाली. कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड, शहाबादी फरशीचा भाऊबंद. (शहाबाद आणि आम्ही १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होतो, त्यामुळे मराठवाड्यात जुन्या घराला शहाबादी नाही असं सहसा होत नाही.) चुनखडी आणि आंबट यांचं मुळात जमत नाही. लिंबू, चिंच, ताक, टोमॅटो, कैरीच्या लोणच्याचा खार, काहीही सांडून रात्रभर राहिलं की तेवढा भाग खाल्ला जातो. आणि आपल्या स्वयंपाकात आंबट नाही असा वार कुठला?

पण अंबिलीवर सगळं ढकलणं बरोबर नाही. अंबिलीनं वितभर गोल केला. नळाभोवतीचा दीड हात ओटा मी स्वतः घालवला.

लातूरचं बोअरचं पाणी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. हंड्याला आतून पांढरं, गिझरच्या कॉइलवर पांढरं, नळाच्या बुडाशी तर खडेच धरतात. सिंकच्या कडेला तो पांढरा थर वर्षानुवर्षं साचत गेला. पाहुणे आले की मला लाज वाटायची. एका दिवाळीत कुणीतरी सांगितलं, संडास धुवायचं ॲसिड थोडं टाका, चुटकीसरशी निघतं. टाकलं. फसफस फेस आला. मी समाधानानं बघत बसले, आता घाण निघतीय म्हणून.

फेस क्षारांचा येत होता तसा कडप्प्याचाही येत होता. नळाभोवतीचा क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट आणि कडप्पा म्हणजेही मुख्यतः तेच. बाटलीतल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडला घाण कुठली आणि ओटा कुठला, हे कळायचं काय कारण? त्यानं दोन्ही सारखंच खाल्लं. थर गेला, खाली खरबरीत, राखाडी दगड उघडा पडला. आणि खरबरीत जागेवर क्षार आणखी पक्का बसतो. मग पुढच्या दिवाळीला पुन्हा ॲसिड. असं मी पाच-सहा वर्षं केलं, कबूल करते.

मागच्या महिन्यात बाथरूमच्या फरशीसाठी मिस्त्री आले होते. त्यांना सहज दाखवलं. त्यांनी नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, आसिड टाकत व्हता नं? वापरून कडप्पा झिजतो, पण असा नाही झिजत. ह्यो खाल्लाय."

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, पटो न पटो: आपल्याकडचे ओटे स्वयंपाकानं खराब होत नाहीत, साफसफाईच्या हौसेनं होतात. ओटा आरशासारखा चमकला पाहिजे हे खूळ टीव्हीवरच्या जाहिरातींनी आपल्या डोक्यात घातलंय. माझ्या आजीनं जन्मभर खाली बसून चुलीवर रांधलं, जमीन शेणानं सारवली. तिला चमक हा शब्दच भांड्यांपुरता होता.

आता कुणी म्हणेल, ग्रॅनाइट बसवा की, कटकटच नाही. बहिणीनं बसवला. दुकानदारानं छातीठोक सांगितलं, "याला काहीच होत नाही." लिंबानं होत नाही, हे खरं. ग्रॅनाइटमध्ये चुना नसतो, गारगोटीसारखी कठीण खनिजं असतात, साध्या सुरीचाही ओरखडा उठत नाही. पण तेल पितो, विशेषतः फिकट रंगाचा. तिच्याकडे तेलाची किटली जिथं ठेवतात तिथं एक काळपट वर्तुळ पडलंय. खायचा सोडा पाण्यात दाटसर कालवून त्यावर थापला, वर प्लास्टिक झाकून एक दिवस ठेवला, असं तीनदा केल्यावर बरंच फिकं झालं. ग्रॅनाइटवर सीलर (दगडाची बारीक छिद्रं बुजवणारा द्रव) मारून घ्यावा लागतो हे दुकानदारानं सांगितलंच नव्हतं. गरज आहे का ते घरीच कळतं: पाण्याचे चार थेंब टाका आणि पंधरा मिनिटांनी पुसा. खालचा दगड गडद झालेला दिसला तर तो पाणी पितोय, म्हणजे तेलही पिणार.

आणि फुटतो तोही. सिंक आणि शेगडीसाठी जिथं दगड कापलेला असतो, तिथं पुढं-मागं जेमतेम चार बोटं पट्टी उरते. नेमकं तिथंच आपण नारळ आपटतो. खलबत्ता घेऊन ठेचा कुटायला बसतो तेही सिंकच्या कडेलाच, कारण पाणी जवळ. ठेचा खाली जमिनीवर कुटावा. कंबर वाकवावी लागते, पण ओटा राहतो.

त्या पांढऱ्याशुभ्र क्वार्ट्झबद्दल जास्त लिहीत नाही. त्यात साधारण ९० टक्के दगडाचा चुरा आणि बाकी रेझिन, म्हणजे तो चुरा धरून ठेवणारं प्लास्टिकसारखं डिंक. दिसायला देखणा, पण भाकरीचा तापलेला तवा थेट टेकवला की रेझिन करपतं आणि तो डाग जन्माचा. दोन्ही वेळेला भाकरी लागणाऱ्या घरानं तो कशाला घ्यावा, हे मला अजून कळलेलं नाही.

तव्यावरून आठवलं. लोखंडी तवा धुऊन ओलाच ओट्यावर पालथा घालायची सवय माझ्या सासूबाईंना होती, त्यांची मला लागली. सकाळी गंजाचा तांबडा गोल ठरलेला. भांडी घासायच्या तारेच्या काथ्याचंही तेच. त्याचे बारीक तुकडे सिंकच्या कडेला अडकतात, गंजतात आणि आपण म्हणतो, पाणीच खराब. तवा आता पुसून खिळ्याला टांगते.

बाकी फार काही करत नाही. भांडी घासायच्या साबणाचं थोडं पाणी, मऊ फडकं, आणि रात्री झोपताना नळाभोवतीची जागा कोरडी पुसून घेणं. क्षार पाण्यात असतो, पाणी वाळलं की मागं राहतो. पाणी वाळूच दिलं नाही तर थर बसणार कशाचा? शिवाय दोन तांबे ओतून ओटा धुण्यापेक्षा फडक्यात पाणी कमी लागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेल्या गावात हे वेगळं सांगायची गरज नसावी, पण आम्हीही विसरतोच.

कडप्प्याला खोबरेल तेल चोळा, काळाभोर होतो, असंही सांगतात. होतो. आठ दिवस. मग त्यावर पीठ आणि धूळ अशी चिकटते की फडकंच पुढं सरकत नाही. मी करून बघितलंय, तुम्ही करू नका.

मिस्त्री म्हणाले, मशीन लावून पॉलिश परत येऊ शकतं, पण ते स्वतः फक्त फरशीचं करतात, ओट्याच्या कोपऱ्यात त्यांचं मशीन जात नाही. लातुरात हातमशीननं कडप्प्याला पॉलिश करून देणारं कुणी असेल तर कमेंटमध्ये सांगा. धूळ होते हे माहीत आहे, डबे काढून ठेवायची तयारी आहे. आणि कृपा करून "ताई, त्यावर ग्रॅनाइटच टाकून घ्या" असं लिहू नका, ते घरात रोज ऐकतेय.