कुणाला हाक मारायलाय हा?

आज डोकं फिरलंय. दुपारी परभणीत जुन्या दोस्तांसोबत चहाला बसलो होतो. फोनवर बारीक आवाजात बांको ह्या इटालियन रॉक बँडचा 'डार्विन!' हा अल्बम चालू होता. एकजण म्हणाला, "बंद कर बाप्पा ते. इटालियन कळतं का तुला? आपल्यासारख्यांनी कशाला ही नाटकं करायची?" सगळे हसले. मी उठून आलो.

आपल्यासारख्यांनी म्हणजे कुणी? पुण्यातल्या पोरानं हेच लावलं की त्याचा कान तयार, आणि सेलू-मानवतच्या माणसानं लावलं की नाटक? हे बाहेरच्यांनी म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. आपलीच माणसं आपल्याला खाली बसवायलेत, त्याचा राग येतो.

बांको, म्हणजे पूर्ण नाव बांको देल मुतुओ सोक्कोर्सो, हा रोमचा बँड. पहिला अल्बम 1972 चा, आणि 'डार्विन!' हा दुसराही त्याच वर्षीचा. विषय काय, तर उत्क्रांती. जीव कसा जन्मला, माणूस दोन पायांवर कसा उभा राहिला, सगळं गाण्यांतून. व्हित्तोरियो आणि जान्नी नोचेंझी हे दोघं भाऊ, एक ऑर्गनवर, एक पियानोवर. आणि गायला फ्रांचेस्को दी जाकोमो. भरगच्च दाढी, दणकट देह, आणि आवाज असा की छातीत उतरतो. 2014 ला गेला तो. त्या दिवशी मला कुणाशी बोलावंसं वाटलं नव्हतं.

माझी माय शाळेत गेलेली नाही. लोडशेडिंगच्या दिवसांत एकदा संध्याकाळी ती अंगणात ज्वारी पाखडत होती आणि मी ह्याच अल्बममधलं पाचवं गाणं लावलं. थोड्या वेळानं तिचं सूप थांबलं. म्हणाली, "कुणाला हाक मारायलाय रे हा? ती बघंना वाटतं ह्याच्याकडं."

गाण्याचं नाव आहे 'साडेसात लाख वर्षांपूर्वी... प्रेम?'. अर्धा माकड, अर्धा माणूस असलेला एकजण सावलीत उभा राहून पाण्यावर आलेल्या तिला बघतोय. तिच्यासाठी तुटतोय. पुढं जाता येत नाही, बोलता येत नाही. मी मायला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला इटालियन येत नाही, मलाही येत नाही. आता सांगा, नाटक कोण करायलंय?

दुसरा एकजण म्हणाला, चौदा मिनिटांचं गाणं ऐकायला वेळ कुणाकडं आहे? पहिलं गाणं जवळजवळ तेवढं आहे, खरंय. मधे ऑर्गन जरा लांबतो, तेही मान्य. पण सप्त्यात रात्र-रात्र कीर्तनाला बसणारी माणसं आपण! आणि ह्याच अल्बमच्या शेवटच्या गाण्याचं नाव काय आहे माहितंय? 'आता मी काळाकडे वेळ मागतो, आणि तो म्हणतो... माझ्याकडे नाही!' पन्नासेक वर्षांपूर्वी त्यांनी हे लिहून ठेवलंय.

'येस', 'जेनेसिस' हे इंग्लंडचे बँड सगळ्यांना माहीत आहेत, बांको नाही. 1975 मध्ये ह्यांनी इंग्रजीतही एक अल्बम काढला. वाईट नाही, पण मला त्यात तो माणूस सापडत नाही जो मायला सूप थांबवायला लावतो. आपल्या भाषेत जीव तोडून गायलेलं परक्याच्या अंगणातही पोचतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून मला मराठीत असं काही करणारी पोरं हवीत. लातूरची, नांदेडची, उदगीरची. चौदा मिनिटांचं करा, वीस मिनिटांचं करा. आम्ही ऐकू.

लिहिता लिहिता राग उतरला जरा. 'बंद कर' म्हणणारा तो दोस्त वाईट नाही. माय दवाखान्यात होती तेव्हा माझ्यासोबत तोच जागला होता. पण आज बोलला ते चूकच बोलला, आणि ही पोस्ट त्यानं वाचावी म्हणूनच लिहिली.

ज्यांना ऐकायचंय त्यांनी पाचव्या गाण्यापासून सुरू करा, मग पहिल्यावर या. हेडफोन नको. घरात सगळे असताना मोठ्यानं लावा, आणि घरातल्या म्हातारीला काय ऐकू आलं ते खाली मला सांगा.