केबल नापास होऊ नये म्हणून

स्पीकरच्या दोन केबलची तुलना करायला बसाल तेव्हा आत्ता कुठली केबल लावली आहे, हे खोलीतल्या प्रत्येकाला आधी कळू द्या. नुसतं सांगून भागत नाही, केबल हातात द्या. अंगठ्याएवढी जाड, वर सापाच्या कातीसारखी वीण, टोकांना सोन्याचा मुलामा दिलेले बनाना प्लग, आणि पैठणी शोभावी अशी आतून मखमल लावलेली पेटी. हाताला वजन लागलं की माणसं गंभीर होतात. किंमत मात्र लगेच काढू नका. एक चीज ऐकवून झाली की सांगा, तीही आवाज उतरवून, कुणाच्या दुखण्याबद्दल सांगावं तशी. मग तीच चीज पुन्हा लावा. दुसऱ्यांदा ती हमखास चांगली वाजते. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या माझ्या हॉलमध्ये हा नेम एकदाही चुकलेला नाही.

क्रमही सांभाळायचा असतो. जुनी केबल आधी, नवी मागाहून. जुनी उकाड्यात, पंखा गरगरत असताना. नवी एसी लावून, चहा-भजी पोटात गेल्यावर. मध्ये केबल बदलायला पाचेक मिनिटं जातात. तेवढ्यात मघाचा आवाज नेमका कसा होता हे कुणाच्याच लक्षात राहत नाही, आणि आपल्याला तेच हवं असतं. परत बसताना व्हॉल्यूमचा नॉब केसभर पुढे सरकवा. किंचित मोठा आवाज कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. कानाची ही जुनी खोड आहे. म्हणून तर खरी चाचणी घेणारे लोक व्होल्टेज मोजून दोन्हीकडची पातळी एका डेसिबलच्या दहाव्या भागापर्यंत जुळवून घेतात. तुमच्या घरात मल्टिमीटर असेल तर तो माळ्यावर टाका.

मग बोलायची पाळी. मोजता येईल असं काही बोलू नका. ‘बेस वाढला’ म्हणालात तर कुणीतरी ‘किती?’ म्हणून विचारेल. ‘बेस सुसंस्कृत झाला’ म्हणा, त्याला कुणाकडे उत्तर नाही. ‘पडदा सरला’, ‘स्टेज खुललं’, ‘दोन सुरांमधली शांतता काळीभोर झाली’ ही चलनी नाणी आहेत, बिनधास्त खर्च करा. वर्तकनगरच्या आमच्या एका स्नेह्यांनी किशोरीताईंची एलपी ऐकता ऐकता, डोळे न उघडता सांगितलं, की आता तंबोरा खोलीत नाही, खोलीच तंबोऱ्यात आहे. त्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

त्या काळ्याभोर शांततेबद्दल मात्र जरा जपून. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत लिहिलेली आहे. कापूरबावडीवरून गुजरातकडे निघालेल्या कंटेनरांनी ते नियम वाचलेले नाहीत. पण आमच्यातल्या एकालाही कंटेनर ऐकू येत नाही. केबलच्या आवरणातल्या टेफ्लॉनचा आणि पॉलिथिलीनचा फरक तेवढा ऐकू येतो. कान तयार होणं म्हणतात ते हेच असावं.

धातूंची थोडी माहिती ठेवा, पण थोडीच. चांदी तांब्यापेक्षा चांगली वाहक आहे, एवढं पुरे. कितीने, ते सांगू नका, कारण फरक साधारण सहा टक्क्यांचा आहे आणि तांब्याची तार तेवढी जाड घेतली की हिशेब फिटतो. सोनं तर तांब्याहून कमी प्रतीचं वाहक. प्लगवर ते चढवतात ते प्लग काळा पडू नये म्हणून, आणि खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत त्याचा उपयोग आहेही. पण सोनं म्हटल्यावर आपल्या माणसाला वाहकता आठवते का? सोनारानेच कान टोचावेत ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो, तिचा खरा अर्थ मला या छंदात कळला. तांब्याच्या शुद्धतेचंही असंच. भिंतीतल्या साध्या वायरचं तांबं ९९.९ टक्के शुद्ध असतं. पेटीतल्या केबलचं ९९.९९९९. पुढच्या प्रत्येक नवासाठी किमतीत एक शून्य जास्त मोजायचं, इतकं ते सरळ आहे.

केबलवर बाण असतो. तो ॲम्प्लिफायरकडून स्पीकरकडे जाईल असाच लावा. संगीताचा करंट क्षणाक्षणाला दिशा बदलतो, एक हजार हर्ट्झचा सूर असेल तर सेकंदाला हजार वेळा जाऊन परत येतो. पण परत येणाऱ्याने बाण वाचायचा नसतो. (एक यंत्र दुसऱ्याला जोडणाऱ्या इंटरकनेक्ट केबलीचं शील्ड, म्हणजे बाहेरची जाळी, एकाच टोकाला जोडलेलं असेल तर त्या बाणाला खरोखर अर्थ असतो, पण असलं काही सांगून रंगलेली बैठक बिघडवू नये.)

पॉवर कॉर्डपाशी कच्च्या मनाचे लोक गळतात. तुम्ही गळू नका. पोफळीच्या भूमिगत वीजघरात कोयनेच्या पाण्यावर जन्मलेली वीज, तिच्यात चंद्रपूरच्या कोळशाची मिसळलेली, स्टीलच्या गाभ्यावर ॲल्युमिनियम वळलेल्या उघड्या तारांवरून उन्हापावसात डोंगरदऱ्या ओलांडत कळव्याच्या सबस्टेशनपर्यंत येते. तिथून सोसायटीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, मग जिथे पाल राहते त्या मीटररूममध्ये, मग बिल्डरने जी सर्वांत स्वस्त मिळाली ती वायर टाकलेल्या भिंतीत. तिथून पुढचा दीड मीटर तुमचा. या शेवटच्या दीड मीटरमध्ये चाळीस हजारांची कॉर्ड तिला शुद्ध करते. कुणी शंका काढली तर सांगा, गंगेतही एकच डुबकी मारतात. आत गेल्यावर ॲम्प्लिफायर तिला ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि कपॅसिटरमधून नेऊन तिची डीसी करून टाकतो, तो त्याचा प्रश्न.

केबल जमिनीला टेकू देऊ नये, असंही एक शास्त्र आहे. त्यासाठी परदेशी चिनीमातीचे उंचवटे मिळतात. मी जांभळी नाक्यावरून डझनभर पणत्या आणल्या, पालथ्या घातल्या आणि त्यांवर केबल ठेवली. आईने ते एकदा पाहिलं आणि विचारलं, “अरे, पणत्या पालथ्या? घरात सगळे बरे आहेत ना?”

पण खरा धोका भाच्यापासून असतो. प्रत्येक घरात एक असतोच. माझा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि रविवारी ऐरोलीहून आईबरोबर जेवायला येतो. श्रीखंडाची वाटी हातात घेऊन तो म्हणाला, “मामा, अडीच स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर घे. पाच मीटर म्हणजे जाऊन-येऊन दहा. रेझिस्टन्स झाला ०.०७ ओहम. स्पीकर आठ ओहमचा. एक टक्कासुद्धा होत नाही. आवाजात डेसिबलच्या दहाव्या हिश्श्याचाही फरक नाही.” अशा वेळी आकड्यांत शिरू नका. मी शांतपणे विचारलं, “आईची माया मोजता येते का रे?” समोर त्याची आई, म्हणजे माझी बहीण, पोळ्या वाढत होती. तो काय बोलणार?

जेवण झाल्यावर मात्र त्याने डाव साधला. कपडे वाळत घालायची दोरी हॉलमध्ये बांधली, तिच्यावर चादर टाकली आणि सगळी यंत्रं तिच्यामागे. प्रत्येक खेपेला नाणं उडवून तो ठरवणार, पेटीतली केबल की नाक्यावरच्या दुकानातली वायर, जी मीटरभर चहा-वड्याच्या पैशांत येते. आम्ही फक्त ओळखायचं. सोळा वेळा. सोळापैकी बारा बरोबर आले तर मानू, म्हणाला, कारण नुसत्या अंदाजाने बारा किंवा जास्त जमायची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे. हे काही त्याच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. डेव्हिड क्लार्क यांनी असं न बघता तुलना करण्याचं यंत्र आणि त्याची रीत १९८२ सालीच ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये मांडली होती. मी पाठ टेकून बसलो. पहिल्या तिन्ही वेळा मला केबल स्वच्छ ओळखू आली, दुधात केशर ओळखावं तशी.

सोळापैकी माझे नऊ आले. वर्तकनगरच्या स्नेह्यांचे सात. तंबोऱ्यात खोली पाहणारा माणूस सातावर अडला.

असं झालंच तर डगमगू नका, उत्तरं तयार ठेवा. एक, सक्तीने ऐकताना कान आखडतात. दोन, चादरीने उच्च स्वर खाल्ले. तीन, रविवारी सगळ्या ठाण्यात वॉशिंग मशीन चालू असतात, वीज मळकी येते. भाच्याने मग २००७ सालची गोष्ट काढली. जादूगार जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरची स्पीकर केबल साध्या केबलीपासून न बघता वेगळी ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते आणि ते बक्षीस कुणी नेलं नाही. यावर स्नेही उत्तम बोलले. म्हणाले, खऱ्या रसिकाला पैशाचा मोह नसतो. जाता जाता कार्ट्याने मोबाइलवर पंधरा हजार हर्ट्झचा सूर लावला आणि “ऐकू आला का?” विचारलं. मला त्याच्या कपाळावर आठ्या पडलेल्या दिसल्या, तेवढ्यावरून मी “हो” म्हणालो. पन्नाशीच्या पुढे तो सूर फारसा कुणाच्या वाट्याला येत नाही. पण माझी नवी केबल वीस हजारांच्याही वर खुलते, हे मात्र माहितीपत्रकात आहे आणि मी ते अनुभवलेलं आहे.

भाच्याचं एक वेळ निभावतं, गवय्याचं निभावत नाही. नौपाड्यातले आमचे एक काका मिरजेचा तंबोरा बाळगून आहेत. चुकून त्यांना बोलावलं. ते केबलकडे बघेनातच. टाळी वाजवली, कान दिला आणि म्हणाले, “ही खोली बोलते रे. खाली टाइल्स, समोर काच, स्पीकर कोपऱ्यात कोंबलेले. दहा फुटांच्या या भिंतींमध्ये खर्ज घुमतोय बघ.” (भाच्याने लगेच हिशेब केला, ५६ हर्ट्झच्या आसपास. त्याला कुणी विचारलं नव्हतं.) पुढे म्हणाले, स्पीकर दोन फूट पुढे ओढ, मागच्या भिंतीवर आजीची गोधडी टांग आणि काचेवर जाड पडदा सोड. आणि मग त्यांनी जवारीचं, म्हणजे तारेच्या गुंजनाचं, सांगितलं. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा असतो. तो केसभर इकडेतिकडे झाला की तीच तार एकदम बोलायला लागते किंवा मुकी होते. धागा चादरीच्या काठाचा काढला तरी चालतो. पैसे पडत नाहीत.

अशा माणसाला पुन्हा बोलावू नका. स्पीकर ओढायला पैसे लागत नाहीत, गोधडी घरातच असते. आणि त्याने फरक पडतो. तो भाच्याला पडतो, आईला पडतो, दारात उभ्या राहिलेल्या इस्त्रीवाल्यालासुद्धा पडतो. ज्याचा फरक इस्त्रीवाल्याला कळतो, त्या गोष्टीत तुमच्या-माझ्या कानांचं काय राहिलं? शिवाय गोधडी कुणाच्या हातात देऊन किंमत सांगता येत नाही. मी काकांना सांगितलं, तिथे शोकेस आहे, स्पीकर हलत नाहीत.

दिवाळीआधी मावशींनी शोकेसमागची जळमटं काढली. त्यासाठी डाव्या स्पीकरची केबल उपसली आणि पुसून जागेवर लावली. दोन्ही प्लग सारखेच सोनेरी, फरक फक्त मुळाशी असलेल्या बारीक लाल कड्याचा. लालमध्ये काळा गेला, काळ्यात लाल. आता एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे. असं झालं की खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि गाणाऱ्याचा आवाज मधे न राहता खोलीभर पसरतो. हा फरक खरा आहे, मोजतो म्हणाल तर मोजताही येतो, आणि कुणालाही ऐकू येतो. ऐकू आलाही. त्या तीन आठवड्यांत माझ्याकडे जेवढी वाहवा झाली तेवढी अकरा वर्षांत झाली नव्हती. “स्टेज भिंतीबाहेर गेलं!” “भीमसेनजी आता डावीकडेही आहेत आणि उजवीकडेही!” “बेस किती संयमी झालाय!” वर्तकनगरच्या स्नेह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी केबलचं नाव कागदावर उतरवून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी तीच, तेवढ्याच लांबीची मागवली.

लाल कडं मला नंतर दिसलं. मी गुपचूप सुलट केलं.

केबल त्यांच्याकडे येऊन आता पंधरवडा झाला. परवा रात्री फोन आला. आवाज पडलेला. म्हणाले, “सगळं तुमच्यासारखंच लावलं हो. पण तुमच्याकडे होतं तसं ते पसरत नाही. माझं काय चुकतंय?”

मी म्हणालो, “अहो, केबल वाजून वाजून मुरायला, म्हणजे बर्न-इन व्हायला, दोनशे तास तरी द्या.”